दुसरी सही

ओव्हाळबाईंच्या समोर ‘खूप’ हा शब्द वापरायची सोय नव्हती. ‘आज खूप उकडतंय’ असं कुणी म्हणालं, की त्या चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, “किती?” मग त्या भिंतीवरच्या तापमापकाकडे बोट दाखवत. आपण उठायचं, वाचायचं आणि येऊन सांगायचं, “साडेछत्तीस.” “हं. मग असं म्हणा.” एवढं झाल्यावर उकाड्याबद्दल बोलायची इच्छाच उरत नसे. आमच्या प्रयोगशाळेतल्या निम्म्या गप्पा बाईंनी अशा जागच्या जागी मारल्या. त्याबद्दल त्यांचा सत्कार करायला हरकत नव्हती, पण सत्कारालाही त्या आल्या नसत्या.

मी त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढली. पद तांत्रिक सहायकाचं. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही. पुण्यात प्रयोगशाळांना तोटा नाही, त्यातली एक समजा. बाकीचे सगळे त्यांना ‘मॅडम’ म्हणत. मी ‘बाई’ म्हणे, कारण पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातातलं भांडं काढून घेऊन पुन्हा धुवायला लावलं, आणि मला चौथीतल्या बाई आठवल्या. तेच तोंडात बसलं. त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

बाईंना जाऊन आता चार महिने झाले. तरी परवा बायको ‘भाजीत थोडं मीठ कमी आहे का हो?’ म्हणाली आणि माझ्या तोंडून गेलं, “थोडं म्हणजे किती?” तिनं डाव टेबलावर ठेवला. “तुमच्या त्या बाई गेल्या, पण आमच्या घरातून काही जात नाहीत,” म्हणाली. त्यात तथ्य आहे.

डॉ. सुजाता ओव्हाळ यांनी आयुष्यभर ज्या पदार्थाचा अभ्यास केला, तो पावसाळ्यात शेणावर उगवणाऱ्या एका बारक्या छत्रीत सापडतो. गावाकडे असल्या सगळ्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात आणि जाता जाता लाथेनं उडवतात. ही विशिष्ट छत्री बोटानं दाबली की निळी पडते. पोटात गेली तर माणसाला भिंती श्वास घेताना दिसतात, आवाजाला रंग येतो, आपण आणि जग यांच्यातली रेघ पुसल्यासारखी वाटते. काही जण या अनुभवानं सुखावतात, काही जण किंचाळत सुटतात. बाईंना यातल्या कशातच रस नव्हता. त्यांना रस होता तो हा पदार्थ शुद्ध कसा काढायचा, तो हवेनं आणि उजेडानं का बिघडतो, आणि बिघडू नये म्हणून काय करायचं, यात. भारतात त्या काळी हे काम करणारं बोटावर मोजण्याइतकंसुद्धा कुणी नव्हतं. कारण उघड आहे: पदार्थ कायद्यानं बंद, परवाना मिळवायला दोन वर्षं, आणि मिळाल्यावर वर्षातून एकदा अधिकारी येऊन संशयानं बघणार.

त्या परवान्याच्या अटींमुळेच माझा आणि बाईंचा संबंध वाढला. बाईंच्या खोलीच्या कोपऱ्यात एक छोटा फ्रिज होता. त्याला बाहेरून लोखंडी पिंजरा केला होता, आणि पिंजऱ्याला दोन कुलपं. एकाची किल्ली बाईंकडे, दुसऱ्याची दुसऱ्या कुणाकडे तरी. उघडायचं तर दोघांनी समोर उभं राहायचं, वजन दोघांनी बघायचं, नोंदवहीत दोघांनी सह्या करायच्या. दुसरी किल्ली कुणाला द्यायची यावर बरीच चर्चा झाली. डॉक्टरेट झालेले तिघे इच्छुक होते. बाईंनी माझं नाव दिलं. मी संकोचून विचारलं, “मीच का, बाई?”

“तुम्ही पेन परत करता,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, पुढं काहीतरी येईल. आलं नाही.

बघायला येणाऱ्या प्रत्येकाचा त्या फ्रिजपुढे विरस होत असे. आत अंगठ्याएवढी एक तपकिरी बाटली आणि तिच्या तळाशी पांढरी भुकटी. पानावर लावायला चुना घेतो तेवढीसुद्धा नाही. एकदा कोरेगाव पार्काच्या बाजूनं एक केस वाढवलेले, गळ्यात मणी घातलेले, तिशी ओलांडलेले गृहस्थ आले. बाईंचं नाव त्यांनी कुठल्याशा परदेशी नियतकालिकात वाचलं होतं. आल्या आल्या ते बाईंच्या पाया पडले आणि म्हणाले, “मला मार्ग दाखवा.” बाईंनी मार्ग दाखवला. तो बेसिनकडे जात होता. “आधी ही भांडी धुवा.” गृहस्थ भाविक होते, त्यांनी धुतली. चार वेळा साध्या पाण्यानं, तीन वेळा शुद्ध पाण्यानं, बाई सांगतील तशी. संध्याकाळपर्यंत हात सुरकुतले. मग धीर करून म्हणाले, “आता ते दाखवाल का?” बाईंनी आलेखाचा कागद पुढं केला. कागदावर एक उंच टोक आणि शेजारी दोन टेंगळं.

“हे?”

“हेच. टोक म्हणजे तुमचं ते. टेंगळं म्हणजे घाण.”

“पण मला अनुभव हवाय, मॅडम.”

“तो विभाग आमच्याकडे नाही.”

हा प्रश्न बाईंना जन्मभर चिकटला होता. लग्नाच्या पंगतीत, पोलिसांच्या बैठकीत, बँकेत, सगळीकडे लोक आवाज खाली आणून विचारत, ‘तुम्ही स्वतः कधी घेतलंत का हो?’ उत्तर विचारणाऱ्याच्या वकुबाप्रमाणे बदलत असे. मी ऐकलेलं सगळ्यात लांब उत्तर असं, “मिठाईच्या दुकानातल्या काट्याला कुणी विचारतं का, पेढा कसा होता म्हणून?”

बाईंच्या घराबद्दल मला एकोणीस वर्षांत कळलं ते थोडकं. वडील खडकीला एका कारखान्यात फिटर. छप्पनच्या दीक्षेनंतर घरात जन्मलेलं पहिलं मूल म्हणून त्यांनी मुलीचं नाव सुजाता ठेवलं, पाच वर्षांनी मुलगा झाला, त्याचं आनंद. मुलगी रसायनशास्त्रात पहिली आली तेव्हा वडिलांनी तिला कारखान्यात वापरतात तसली पोलादी मोजपट्टी आणून दिली. ती बाईंच्या टेबलावर शेवटपर्यंत होती. बुद्धपौर्णिमेला आणि आणखी दोन-तीन ठरावीक दिवशी बाई पांढरी साडी नेसून येत आणि दुपारी रजा घेऊन विहारात जात. एकदा जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्यानं खोचकपणे विचारलं, “काय हो मॅडम, तुमच्या पंचशीलात पाचवं शील नशा करू नये असं आहे ना? मग तुमचं हे काम त्यात बसतं कसं?” सगळे पोळीचा तुकडा हातात धरून थांबले. बाईंनी घास संपवला.

“वजन करायला मनाई नाही,” त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

त्यांच्या कामाच्या रीतीतल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. एक म्हणजे ब्लँक. कुठल्याही मोजणीआधी त्या ब्लँक घेत. म्हणजे भांडं तेच, द्रावण तेच, यंत्र तेच, फक्त ज्याचं मोजमाप करायचं तो पदार्थ त्यात नाही. काहीच घातलेलं नसताना यंत्र काय दाखवतं, ते आधी लिहायचं. हे सगळेच रसायनवाले करतात, पण कंटाळा आला की चुकवतात. बाई कधी चुकवत नसत. ब्लँक घेतला नाही म्हणून त्यांनी एकदा माझं तीन दिवसांचं काम टोपलीत टाकलं होतं. मला राग आला होता. चौथ्या दिवशी ब्लँक घेतला, तर यंत्रच बिघडलेलं निघालं.

दुसरी गोष्ट खोडण्याची. नोंदवहीत चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही करायची. गिरगटून काळं केलेलं पान दिसलं, की बाई ते पान उजेडाकडे धरत आणि मान हलवत, “इथं काय होतं ते लपवलंत. म्हणजे आता मला सगळंच तपासावं लागणार.” मला अजून बँकेच्या स्लिपवरसुद्धा गिरगटता येत नाही.

आता आनंद. बाईंचा हा भाऊ त्यांच्या अगदी उलट. बँकेत नोकरी, टेबल टेनिसचा नाद, बोलायला लागला की थांबणं नाही. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. आई-वडिलांच्या मागं बोपोडीच्या घरात दोघंच राहत. दर शुक्रवारी तो स्कूटर घेऊन ताईला न्यायला येई आणि दारातूनच ओरडे, “ताई, खूप भूक लागलीय!”

“किती?”

“दोन वडापाव आणि एक चहा.”

बाई खुदकन हसत. त्यांना ‘किती’चं बरोबर उत्तर देणारा जगात हा एकच माणूस होता, आणि बाई हसताना मी फक्त शुक्रवारीच पाहिल्या.

चौदा वर्षांपूर्वी आनंदला पोटाचा कॅन्सर निघाला. निघाला तेव्हाच पुढं गेलेला होता. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केली, मग आठवड्यांची. बाई रोज सकाळी कामावर येत आणि दुपारी घरी जात. विचारलं की सांगत, “वजन छप्पन. काल सत्तावन होतं.” आणखी काही नाही.

एका बुधवारी त्यांची सही हवी म्हणून मी बोपोडीला गेलो. आनंद खिडकीजवळच्या कॉटवर बसला होता, पाठीला दोन उशा. माझ्या ओळखीचा माणूस त्यात शोधावा लागला. दुखणं औषधानं आवरलं होतं, भीती आवरत नव्हती. तो भरदिवसा डोळे मिटायला घाबरत होता. पापणी जड झाली की दचकून ताठ बसायचा आणि बाईंचा हात चाचपायचा. कामगाराची पोरं, रडण्याची सवय नाही; तो रडत नव्हता, नुसता दचकत होता. ते बघवत नव्हतं.

मी कागद पुढं केले. बाई सही करत असताना तो म्हणाला, “ताई, तू जन्मभर ज्याचं वजन केलंस ना, ते बाहेरच्या देशांत मरायला टेकलेल्या माणसांना देऊन बघतायत. मी वाचलंय. भीती जाते म्हणतात.”

“काहींची,” बाई म्हणाल्या.

“मग मी त्या काहींमधला.”

“ते मला माहीत नाही.”

“तर मग बघ ना देऊन. एकदाच. पाचवं शील मी मोडतो, तू फक्त बाटली आण.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “आनंद, तो पदार्थ मला माहीत आहे. तू मला माहीत आहेस. दोघं एकत्र आलात की काय होईल, ते मला माहीत नाही. तिकडं शेजारी डॉक्टर बसलेले असतात. इथं मी. तू आणखी घाबरलास तर मला ते परत काढून घेता येणार नाही.”

“याच्याहून आणखी?” तो म्हणाला.

बाई चहा टाकायला आत गेल्या. त्या आत जाताच आनंदनं माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण सोडवून घ्यायचं धाडस मला झालं नाही.

“परचुरे, दुसरी किल्ली तुमच्याकडे असते ना?”

“असते,” मी म्हणालो.

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. चहा आला, मी तो प्यालो आणि निघालो. कसा होता, विचारू नका.

दोन दिवस मी विचार केला. कायद्यानं गुन्हा, परवाना जाणार, बाईंचं तीस वर्षांचं काम जाणार, हे सगळं मला कळत होतं. पण तो दचकणारा माणूसही डोळ्यांसमोरून हलत नव्हता. माझी खात्री होती की बाईंनाही द्यायचंय, फक्त मला कसं विचारायचं म्हणून त्या अडल्यात. शुक्रवारी संध्याकाळी निघताना मी माझी किल्ली त्यांच्या टेबलावर, वडिलांच्या त्या पोलादी मोजपट्टीशेजारी, ठेवली आणि घरी गेलो. शनिवारी प्रयोगशाळा बंद असे. पण बाई अर्धा दिवस येतात हे मला ठाऊक होतं. बसमध्ये मला फार हलकं वाटलं. आपण काहीतरी मोठं केलं, असं वाटलं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

सोमवारी माझ्या टेबलावर पाकीट होतं. आत किल्ली, आणि बाईंच्या अक्षरात चिठ्ठी: ‘किल्ली विसरलात. पुन्हा विसरू नये.’

त्या दिवशी मला बाईंचा राग आला. खरं सांगायचं तर पुढं बरीच वर्षं तो पुरता गेला नाही. नियमाचं एवढं काय, असं वाटे. सख्खा भाऊ. आणि समोर दोन्ही किल्ल्या.

बाईंनी आनंदसाठी काय केलं, ते मला पुढच्या खेपेला दिसलं. त्याच्या उशाशी एक पातळ वही होती. रोज सकाळी आणि संध्याकाळी त्या त्याला विचारत, “भीती किती? दहापैकी.” मी गेलो त्या दिवशी तो म्हणाला, “अकरा.” बाईंनी अकरा लिहिलं. मी म्हणालो, “बाई, दहापैकी अकरा कसं?” त्या म्हणाल्या, “त्याची आहे, तो म्हणेल ते.” आणि आनंद, तशा अवस्थेतही, थोडासा हसला. मग त्या त्याचा हात धरून बसत, तो डोळे मिटे, दचके, त्या म्हणत, “आहे मी. आता किती?” तो सांगे, त्या लिहीत. असं तीन आठवडे चाललं. आकडे खाली उतरत गेले असं म्हणायला मला आवडलं असतं. मी पाहिले त्यात अकरा होते, नऊ होते, एकदा चार होता, मग परत दहा. चौथ्या आठवड्यात तो गेला. पाचव्या दिवशी बाई कामावर आल्या, एप्रन घातला आणि ब्लँक लावला.

सहा वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर तो परवाना सांभाळायला कुणी पुढं आलं नाही, त्यामुळे उरलेला पदार्थ सरकारी अधिकाऱ्यांसमोर नष्ट करायचं ठरलं. दोन अधिकारी आले. त्यातला तरुण होता तो नोंदवही पहिल्या पानापासून वाचत होता: तारीख, किती काढलं, कारण, दोन सह्या. मी आणि बाई समोर उभे. वाचता वाचता तो थांबला.

“मॅडम, ही काय खोडाखोड?”

त्यानं वही आमच्याकडे फिरवली. पानाच्या तळाशी एका शनिवारची नोंद होती; माझी पुढची सही नव्या पानावर होती, म्हणून ती मी कधी पाहिलीच नव्हती, आणि दरवर्षी येणारे अधिकारी शिल्लकच तेवढी बघत. पंचवीस मिलिग्रॅम. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: ‘आनंद’. खाली बाईंची सही. या सगळ्यावर एक सरळ आडवी रेघ, शेजारी ‘काढले नाही’, आणि पुन्हा सही. दुसऱ्या सहीचा रकाना कोरा.

मी ती तारीख ओळखली. म्हणजे माझी किल्ली मिळाल्यावर बाई वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं.

“इथं दुसरी सही नाही,” अधिकारी म्हणाला.

“किल्ली होती,” बाई म्हणाल्या. “माणूस नव्हता.”

“म्हणजे?”

“म्हणजे उघडलं नाही. वजन करून घ्या, जुळेल.”

वजन जुळलं. अधिकाऱ्यानं शेरा मारला आणि पुढचं पान उलटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र कोऱ्या रकान्याची ती जागा त्यानंतर रोज पाहत आलोय. सहा वर्षं मी समजत होतो की मी मन मोठं केलं आणि बाईंनी ते लहान केलं. खरं म्हणजे माझी नोकरी, माझं नाव आणि माझी सही मी शुक्रवारी बसमधून घरी घेऊन गेलो होतो, आणि टेबलावर ठेवला होता तो लोखंडाचा तुकडा. दोन किल्ल्या ठेवतात त्या कुलपासाठी नव्हेत. असल्या वेळी एका माणसानं एकटं असू नये, म्हणून. मी थांबलो असतो, तर बाईंनी काय केलं असतं मला माहीत नाही. कदाचित काढलं असतं. कदाचित दोघांनी मिळून ‘नाही’ म्हटलं असतं. पण त्या बाईनं ते एकटीनं लिहिलं आणि एकटीनं खोडलं, आणि वर मला चिठ्ठीत फक्त विसराळू ठरवलं. मी त्यांच्याजवळ हे कधी बोललो नाही. जमलं नाही, एवढंच.

गेल्या वर्षी खराडीहून एका मुलीचा फोन आला. इरा तिचं नाव, तिथल्या कुठल्याशा कंपनीत संशोधन करते. “सर, तुम्ही ओव्हाळ मॅडमबरोबर होतात ना? ॲक्च्युअली आमची पूर्ण टीम त्यांची प्युरिफिकेशनची मेथड वापरते. डिप्रेशनवर काम चालू आहे, प्रॉपर परमिशन वगैरे सगळं आहे. मला लिटरली एकदा त्यांना भेटायचंय.” मी म्हटलं, “लिटरली म्हणजे कसं, ते मला माहीत नाही, पण घेऊन जातो.”

बाई तेव्हा बोपोडी सोडून मांजरीला राहत होत्या, चौथ्या मजल्यावर. गॅलरीतून एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला उसाच्या जागी आलेल्या इमारती. तब्येत फार उतरली होती. मी विचारलं, “कशा आहात, बाई?”

“बेचाळीस किलो.”

इरानं बरोबर आणलेल्या कागदांवर त्या तासभर बोलल्या. तिच्या आलेखातलं एक टेंगूळ त्यांनी पकडलं, तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. “मॅडम, हे तर आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं!”

“ब्लँक घेता का?”

“घेतो ना मॅडम. म्हणजे... रोज नाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तीन दिवसांच्या टोपलीची हकिगत सांगितली, आणि ती वहीत लिहून घेऊ लागली. मग तिनंही आवाज खाली आणून तो प्रश्न विचारलाच. बाई म्हणाल्या, “तुमच्या कामात उपयोग होईल असं काहीतरी विचारा,” आणि मला कपाटातल्या वह्या काढायला सांगितल्या. प्रयोगशाळेच्या वह्या प्रयोगशाळेतच राहिल्या होत्या. या त्यांच्या स्वतःच्या, घरी बसून लिहिलेल्या टिपणांच्या. सात जाड आणि एक पातळ.

पातळ वही मी ओळखली. इरानं नेमकी तीच उघडली.

“सकाळ अकरा, संध्याकाळ अकरा, सकाळ नऊ... मॅडम, हे कशाचं रीडिंग आहे?”

“भीतीचं. मरणाच्या.”

मुलगी एकदम सावरून बसली. “ओह. आणि डोस किती दिला होता?”

“शून्य,” बाई म्हणाल्या. “तो ब्लँक आहे. काहीच दिलेलं नसताना काय दिसतं, ते तुम्हाला लागेल. पण एकाच माणसाचा आहे, तेव्हा फार अर्थ काढू नका.”

इराला बहुधा सगळं कळलं नसावं, पण तिनं ती वही दोन्ही हातांनी मिटली. मी गॅलरीकडे बघत राहिलो. उसात कुणीतरी पाणी सोडत होतं.

बाईंनी एक कोरा कागद ओढला. तारीख घातली. आठ वह्या, क्रमानं. कुणाला दिल्या, कशासाठी. खाली सही केली. सहीला पूर्वीसारखा दाब राहिला नव्हता, अक्षर तेच होतं. मग त्यांनी सहीच्या शेजारी एक रेघ आखली, कागद माझ्यासमोर सरकवला आणि पेन पुढं केलं.

“दुसरी सही.”

मी पेन घेतलं. त्या चष्म्याच्या वरून बघत होत्या, ‘खूप’ म्हणणाऱ्याकडे बघत तशाच.

“आज आहात ना, परचुरे?”

“आहे, बाई,” मी म्हणालो.

मी सही केली, आणि पेन परत केलं.